सप्तमीची ओहोटी

"तिथी घे. तिला पाऊणपट कर. जो आकडा निगेल तवा भरती पूर्ण. त्यात सव्वासा तास मिलव, मंग ओहोटी. पाण्याला घड्याल कलत नाय, सूनबाय. तिथी कलते."

दादू घरत, म्हणजे शांतीचे सासरे, जाऊन सोळा वर्षं झाली होती. पण कुणी तिथी विचारली की शांतीच्या कानात आधी त्यांचा तो घोगरा आवाज उमटायचा, आणि मग तोंडातून उत्तर यायचं. पेणहून नवी नवरी होऊन ती गव्हाणला आली, तेव्हा दादूंनी तिला मिठागराच्या बांधावर उभं करून एवढंच शिकवलं होतं. पाणी आत कधी घ्यायचं, बांध ओलांडून पलीकडे कधी जायचं आणि कधी गप उभं राहायचं, सगळं त्या हिशेबावर. पुढे मिठागर गेलं. न्हावा शेव्याच्या रस्त्याला आजूबाजूची शेतं गेली. शांतीचा नवरा कमलाकर याने पनवेलला गाळा घेऊन यात्रा कंपनी काढली, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आणलं. समुद्र नजरेआड झाला तरी हिशेब डोक्यातून गेला नाही.

त्या मंगळवारी सकाळी साडेसातला फोन वाजला, तेव्हाही तसंच झालं.

शांती पोथी वाचत होती. रोज एक अध्याय, तोही उपाशीपोटी. एकदा पोथी उघडली की अध्याय संपेपर्यंत पाटावरून उठायचं नाही आणि मध्ये अवाक्षर बोलायचं नाही, हा तिचा बावीस वर्षांचा नेम. लग्नघरी, दवाखान्यात, अगदी गाडीतसुद्धा तो मोडला नव्हता. पण कमलाकर बावीस माणसं घेऊन लंकेला गेला होता. कंपनीची ही पहिलीच परदेशची यात्रा, म्हणून तिने गाळ्यातला बिनतारी फोन वर आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. तिसऱ्या घंटेला तिने उचलला. डाव्या हाताचं बोट ओळीवरून हलू दिलं नाही.

"शांते, मी बोलतोय. आवाज येतोय ना?"

"हं."

"आज तिथी काय गं?"

"सप्तमी."

"ओहोटी कवा?"

"साडेअकरा."

"म्हंजे भांगाचंच पाणी. जोर नाय त्याला." मागे बायकांचा कलकलाट ऐकू येत होता, आणि त्याच्याही मागे पावसासारखं काहीतरी. "रस्त्यावर पाणी आलंय जरा. गुडघाभर असंल. बाजूला खाडी हाय, तिवरं बी हायत, हुबेहूब आपल्या गव्हाणसारखी. ड्रायव्हर मागं फिरायचं म्हनतोय, त्याचं बोलणं काय कलत नाय. आपल्या बायका ऐकत नायत. उद्याचं विमान हाय ना. साडेअकराला पाणी उतरलं की काढतो गाडी. तुझं वाचन चाललंय का? वाच, वाच."

फोन बंद झाला. शांतीने तो उलटा ठेवला आणि बोट होतं तिथून पुढे वाचू लागली. अध्यायाच्या तेरा ओव्या उरल्या होत्या. तेराही तिने नीट, न अडखळता वाचल्या. पोथीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, पोथी कापडात गुंडाळायला घेतली, आणि गाठ मारता मारता हात थांबला.

पाऊस. कमलाकरच्या मागे पाऊसच वाजत होता.

ती फोन घेऊन तशीच खाली गाळ्यात गेली. भिंतीवर लंकेचा नकाशा लावलेला होता. माणसं आज सकाळी जिथून निघणार होती ती त्रिंकोमाली उजव्या अंगाला, समुद्राला टेकून. तिथून कोलंबोकडे जाणारा रस्ता सुरुवातीला खाडीच्या कडेने जात होता खरा, पण मग थेट आत शिरत होता. आणि आत, रस्त्याला अगदी लागून, अंगठ्याएवढा निळा ठिपका होता. कंतळेचा तलाव.

हे नाव तिला नवं नव्हतं. तिने टेबलाच्या खणातून जुनं पंचांग काढलं. भाद्रपदाच्या पानात यात्रेचं एक पत्रक घडी करून ठेवलेलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूला हसनभाईंनी पेन्सिलीने बेटाचं चित्र काढलं होतं, आंब्याच्या कोयीसारखं. उजव्या अर्ध्या भागावर त्यांनी तिरप्या रेघा मारल्या होत्या आणि कंतळेवर गोल केला होता.

हसन हे पनवेलचेच. तीस वर्षं जहाजांवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. आता मोहल्ल्यात घरी बसून असत आणि संध्याकाळी कमलाकरकडे गप्पांना येत. भाद्रपदात ते आले तेव्हा कमलाकर नव्हता. पत्रक हातात घेऊन त्यांनी तारखा वाचल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वैनी, ह्या तारखा कुणी काढल्या?"

"मीच," शांती म्हणाली होती. तिला त्या तारखांचा मनातून अभिमान होता. चातुर्मासात कुणी घर सोडत नाही. मग कापणी, मग दिवाळी. मार्गशीर्षात बायकांचे गुरुवार असतात, घट मांडलेले सोडून कोण येणार? पौषात लग्नं नाहीत, मुहूर्त नाहीत, माणसं मोकळी. उद्यापनं आटोपली, अमावस्या गेली, की निघायचं आणि संक्रांतीच्या आत परत. यापेक्षा चांगले दिवस सापडणार कुठून?

"त्या बेटावर पाऊस दोन हप्त्यांत पडतो, वैनी," हसनभाई म्हणाले. "आपल्याकडे आषाढात कोसळतो तेव्हा तिकडे कोलंबोच्या बाजूला पडतो. त्रिंकोमाली तेव्हा कोरडी ठणठणीत. आपल्याकडे दिवाळी झाली, आभाळ धुऊन निघालं, की त्यांच्या पूर्वेचा आषाढ सुरू. मी एका पौषात तिथे तीन महिने अडकलेलो, जहाज दुरुस्तीला लागलं म्हणून. अंगावरचा कपडा वाळला नाही. तुम्हाला पौषातच जायचं तर दक्षिणेला जा, पश्चिमेला जा, उन्हात फिरा. त्रिंकोमालीला कोणेश्वराच्या दर्शनाला जायचंच असेल तर आषाढात जा."

"आषाढात?" शांती हसली होती. "हसनभाई, आषाढात आमच्या बायका उंबऱ्याबाहेर पडत नाहीत, आणि तुम्ही समुद्रापार पाठवताय."

"मी कोण पाठवणारा? मी शेठला सांगायला आलो होतो. तुम्ही सांगाल ना?"

"सांगते," ती म्हणाली होती.

आणि सांगितलं नव्हतं. पत्रकं वाटून झाली होती. एकोणीस नावं आली होती. गव्हाणच्या गोदूकाकूंनी तर आख्ख्या गावाला ऐकवलं होतं, की रावणाने आईसाठी पूजलेला कोणेश्वर मी डोळ्यांनी बघणार. तिकडचं युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती, त्या बाजूचा रस्ता यात्रेकरूंना नुकता खुला झाला होता, आणि तो ऐकूनच तर माणसं हौसेने तयार झाली होती. त्यात ही बातमी सांगायची म्हणजे सगळं विसकटायचं. शिवाय, खरं सांगायचं तर, पौषात धो धो पाऊस पडतो हे तिच्या मनाला पटलंच नव्हतं. सांगू उद्या, म्हणून तिने कागद पंचांगात ठेवला. उद्याचा परवा झाला. मग तिने देवाला सांगितलं, तूच सांभाळ, आणि देवाला सांगितलं म्हणजे नवऱ्याला सांगितल्यासारखंच झालं, असं स्वतःला समजावलं.

घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने कमलाकरच्या तिकडच्या नंबरावर फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाईच्या आवाजात कुठल्या तरी भाषेत काहीतरी सांगितलं गेलं. सात वेळा तेच. मग तिने गाळ्याला कुलूप लावलं आणि मोहल्ल्याची वाट धरली. चपला घालायची राहिली हे तिला अर्ध्या वाटेत कळलं.

दार हसनभाईंच्या बायकोने, जमिलाने उघडलं. शांतीचे पाय बघून तिने काही विचारलं नाही, नुसती बाजूला झाली. हसनभाई चहात पाव बुडवून खात होते.

"या, वैनी. शेठची काय खबर? मजेत?"

त्या आवाजातला गारठा शांतीला जाणवला. भाद्रपदानंतर हसनभाई गाळ्यावर आले नव्हते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं.

"हसनभाई, तुम्ही सांगितलेलं मी त्यांना सांगितलं नाही."

पाव तसाच हातात राहिला. "काय?"

"पावसाचं. मी पोटात ठेवलं. त्यांना काहीच माहीत नाही."

हसनभाईंनी पाव बशीत ठेवला. "म्हणजे मी चार महिने मनात धरून बसलोय, की शेठनी माझी गोष्ट कचऱ्यात टाकली. दिवाळीनंतरच्या पत्रकातही कोणेश्वर पहिल्या ओळीत तसाच वाचला तेव्हा जमिलाला म्हटलं, बघ, माझी लायकी भंडाऱ्याची. रस्त्यात दिसले तर मी गल्ली बदलायचो." त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं. "आणि आज सकाळी सकाळी तुम्ही अनवाणी सांगायला आलात. काय झालंय?"

तिने फोनचं सांगितलं. खाडी, तिवरं, गुडघाभर पाणी. मग ओहोटीचंही सांगितलं.

"तुम्ही वेळ दिलीत?"

"विचारली, दिली. पोथीवर बोट होतं माझं. ते कुठे उभे आहेत, हेही मी विचारलं नाही."

हसनभाईंनी अंगठा आणि करंगळी ताणून टेबलावर ठेवली. "तिथली भरती-ओहोटी एवढी असते, वैनी. एक वीत, दोन वीत. जहाजाच्या कठड्यावरून बघून कळायची पण नाही. आपल्या खाडीसारखं पाणी तिथे माणसाची वाट मोकळी करून देत नाही. आणि हे पाणी समुद्राचं नाहीच. वरच्या तलावाचे दरवाजे उघडले असणार. तलाव भरत राहील तोवर ते वाढत राहील. साडेअकराला शेठ गाडी घालतील, आणि साडेअकराला पाणी सकाळपेक्षा जास्त असेल."

"पण दिसेल ना त्यांना, वाढलेलं?" जमिला म्हणाली.

"पाऊस पडतोय, पाणी गढूळ, आणि बायको बोलली साडेअकरा. शेठ डोळ्यांवर विश्वास ठेवतील की वैनींवर?"



हसनभाईंनी कपाटातून एक फाटकी डायरी काढली. त्रिंकोमालीजवळच्या किण्ण्या गावात अदीब म्हणून त्यांचा एक जुना दोस्त होता, ईदेला एकमेकांना फोन करत. पहिल्यांदा फोन लागला नाही. दुसऱ्यांदा लागून तुटला. तिसऱ्यांदा हसनभाई ओरडून बोलू लागले, अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी, मध्येच एखादा उर्दू शब्द. शांतीला त्यातलं फक्त कंतळे कळत होतं. जमिलाने तिच्या हातात चहाचा कप दिला. तो तिने धरून ठेवला, प्यायली नाही.

"त्याचा भाचा त्या रस्त्याला टायरचं दुकान चालवतो," हसनभाई फोनवर हात ठेवून म्हणाले. "मोटारसायकल आहे त्याच्याकडे. पण मधली वाट पाण्याखाली आहे, फिरून जावं लागेल. विचारतोय, गाडी कुठल्या रंगाची?"

शांतीला माहीत नव्हतं. "पुढे भगवं कापड बांधलंय. त्यावर कंपनीचं नाव."

"ते त्याला वाचता येणार नाही."

"म्हाताऱ्या बायका आहेत आत. नऊवारीतल्या."

हसनभाईंनी क्षणभर विचार केला आणि फोनमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं. जमिला एवढ्या काळजीतही पदराआड हसली. "सांगतायत, साडीची पाटलोण करून नेसलेल्या बायका दिसल्या की तीच गाडी."

फोन ठेवून हसनभाई म्हणाले, "अदीब भाच्याला फोन लावतो म्हणालाय. लागला तर. निघाला तर. पोहोचला तर. सव्वानऊ झालेत. तुम्ही गाळ्यावर जाऊन बसा, शेठ फोन करतील तर तिकडेच करतील. मी इथून लावत राहतो."

शांती उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागे वळली.

"हसनभाई, माणसं सुखरूप आहेत एवढं कळू दे. मग मी घरोघर जाऊन सांगेन, की तुम्ही वेळेवर सांगितलं होतं आणि मी दाबून ठेवलं. ज्यांची ज्यांची माणसं गाडीत आहेत, त्या सगळ्यांच्या घरी."

"ते राहू दे, वैनी. आधी माणसं."

"नाही. मी शब्द देतेय."

जमिलाने दाराशी स्वतःच्या चपला सरकवल्या. एक नंबर मोठ्या होत्या. शांती त्या घालून निघाली.

गाळ्याच्या पायरीवर बुधाजी बसला होता. गव्हाणचा, दादूंच्या भावकीतला, सत्तरीचा माणूस. त्याची बायको गोदू गाडीत होती.

"कुलूप काय लावतंस, शांते? मी म्हटला सगली कंपनीच लंकेला गेली."

"आत या, काका."

"चहावाल्याच्या टीव्हीवर दावतायत, लंकेत पूर आलाय म्हून. आपली मानसं कुटं हायत?"

शांतीने कुलूप उघडलं, त्याला खुर्ची दिली आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "सकाळी फोन आला होता. रस्त्यावर पाणी आहे, म्हणून थांबलेत."

"किती पानी?"

"गुडघाभर."

"हात्तिच्या." बुधाजीने पाय पसरले. "गोदू गुडघाभर पान्याला थांबनार हाय? मिठागरात कंबरभर पान्यातून डोक्यावर पाटी घेऊन जायची ती. ती पयली उतरंल नि गाडी मागून ढकलंल. रावनाला बी म्हनंल, सरक तिकडं." तो आपल्याच बोलण्यावर हसला, मग हसू जरा ओसरलं. "ओहोटी कवा हाय?"

 तोच प्रश्न, त्याच भरवशाने.

बुधाजीने तिच्या उत्तराची वाट पाहिलीच नाही. बोटांची पेरं मोजली. "सप्तमी. सव्वापाच. साडेअकरा. हां, मंग काय, साडेअकराला निगतील." आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

"काका, तिथली ओहोटी आपल्यासारखी नाही."

"पानी तिथं बी पानीच ना, पोरी?"

आणखी पुढे बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. शांती बोलली नाही. म्हाताऱ्या माणसाला दोन तास मोकळ्या चेहऱ्याने बसू द्यावं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला कळलं, की भाद्रपदातही तिने स्वतःला असंच काहीतरी सांगितलं होतं.

ती फोन लावत राहिली. दहा वाजले. साडेदहा. बसची व्यवस्था पाहणाऱ्या कोलंबोच्या माणसाचा फोन लागला. तो इंग्रजीत भराभरा बोलला. शांतीने हसनभाईंचा नंबर त्याला आकडा आकडा करून सांगितला, त्याने तो घेतला की नाही कळलं नाही. बाहेर पनवेलचं ऊन स्वच्छ, कोवळं पडलं होतं. समोरच्या दुकानात तिळगुळाच्या पुड्या लटकवत होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. या आभाळाकडे बघून तर तिने तारखा काढल्या होत्या.

अकराला हसनभाईंचा फोन आला. अदीबचा भाचा निघाला होता, दहाच्या आधीच. पुढचं काही कळत नव्हतं.

सव्वाअकराला बुधाजी म्हणाला, "आता पानी मरायला लागलं असंल."

शांती उठून आत गेली. पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. डोळे मिटले तर कमलाकर दिसत होता, पँट गुडघ्यापर्यंत वर करून, मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघणारा. तो मिनिटाचाही उशीर करणार नव्हता. तिच्या हिशेबात बावीस वर्षांत एकदाही चूक निघालेली नव्हती. एकदा दादूच म्हणाले होते, माझी सून चुकली तर समुद्र चुकला. तिला देवाचं नाव घ्यायचं होतं, पण ओठांवर येत नव्हतं. तोंडात फिरून फिरून तेवढंच येत होतं: साडेअकरा नाही. साडेअकरा नाही.

साडेअकरा झाले.

बुधाजी गुणगुणत होता. "निगाले असतील," तो म्हणाला.

पावणेबारा. बारा. चहावाल्याच्या टीव्हीचा आवाज रस्त्यापलीकडून येत होता, शब्द कळत नव्हते. बुधाजीचं गुणगुणणं कधी थांबलं ते शांतीला कळलं नाही. दोघेही फोनकडे बघत होते.

बारा वाजून वीस मिनिटांनी तो वाजला.

"शांते." कमलाकरचा आवाज बसलेला होता. "तू कुनाला पाठवलं होतंस काय?"

"सगळे बरे आहेत?"

"हायत. सगले हायत. आमी मागं आलो, देवळाजवळच्या धर्मशालेत हाव. अगं, गाडी चालूच केली होती. मी ड्रायव्हरच्या मानगुटीवर बसून त्याला चालू करायला लावली. तेवढ्यात एक भिजलेला माणूस आला नि मोटारसायकल आडवी टाकून बसला गाडीपुढं. हलंना. काय बोलतो ते एक अक्षर कलंना, पन मध्येच म्हनतोय, शांती, शांती, पनवेल. मी म्हटला, ह्याला माझ्या बायकोचं नाव कुनी सांगितलं? खाली उतरलो भांडायला. चांगला पाव तास भांडलो. नि भांडता भांडता बगतो, तर पोटरीला पाणी. जिथं उभा होतो तिथं मगाशी रस्ता कोरडा होता, शांते. ओहोटीला पाणी चढलं."

"हं."

"आमच्या पुढं एक टेम्पो गेलता. तो मधी कलंडला. दोन मानसं टपावर चढली, दोऱ्या टाकून काढली त्यांना. आमची बावीस मानसं कुटं टपावर चढवनार होतो मी? गोदूकाकूला?"

"ती काय करतेय?"

"मना शिव्या घालते. उद्याचं विमान चुकनार ना. मी म्हटला चुकू दे." मग त्याचा आवाज मऊ झाला. "बायका काय म्हनतायत म्हाइताय? शांतीचा नेम आडवा आला. पोथी वाचत होती ना त्या येली. पोथीनंच मानूस धाडला."

बुधाजी कान पुढे करून उभा होता. शांतीने त्याला मान हलवून खूण केली, काकू बरी आहे. त्याने दोन्ही हात कपाळाला लावले. फोनमधलं शेवटचं वाक्य त्यालाही अर्धंमुर्धं ऐकू गेलं असावं, कारण त्याने वर, देवघराच्या दिशेने बघून पुन्हा हात जोडले, आणि मग शांतीलाच जोडले.

"पोथीनं तारलं. मी सांगतो गावात, घरोघर सांगतो," तो म्हणाला, आणि डोळे पुसत पायरी उतरला.

"काका, थांबा जरा," शांती म्हणाली. पण तिचा आवाज मुळातच लहान, आणि बुधाजी तोवर सहा आसनी रिक्षात चढला होता.

"कोन हाय? बुधाजीकाका?" कमलाकर विचारत होता.

"हो. तुम्ही ऐका. पोथीने नाही, हसनभाईंनी माणूस पाठवला. आणि त्यांनी मला भाद्रपदातच सांगितलं होतं, की पौषात त्या बाजूला पूर असतो, जाऊ नका म्हणून. तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. मी नाही सांगितलं."

फोनमध्ये पाऊस वाजत राहिला. 

"भाद्रपदात?"

"हो."

"म्हंजे हसन गल्ली बदलायचा, तो…"

"तो त्याच्यासाठी."

"मी त्याला गर्विष्ठ म्हटला होता. चार मानसांत."

शांतीने टेबलावरचं हसनभाईंचं चित्र हाताने सपाट केलं.

"परत आलो की बघू," कमलाकर म्हणाला. रागाने म्हणाला की थकून, ते तिला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. फोन ठेवल्यावर तिने पहिल्यांदा हसनभाईंना कळवलं. त्यांनी "अल्हमदुलिल्लाह" म्हटलं आणि पलीकडे जमिलाला ओरडून सांगितलं.

मग ती टेबलाशी बसली. एक कोरा कागद घेतला आणि आठवून आठवून घरं लिहून काढली. बावीस माणसं, तेरा घरं. सहा गव्हाणची, तीन उरणकडची, चार पनवेलमधली. पनवेलची घरं जवळ होती, पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, तिथून सुरुवात केली असती तर सोपं होतं. पण बुधाजी आता गावात पोहोचत असेल. पहिल्या ओसरीवर बसून तो पोथीची गोष्ट सांगेल, दुसऱ्या ओसरीवर ती थोडी मोठी होईल, आणि संध्याकाळपर्यंत बायका हळदकुंकू घेऊन तिच्या दाराशी येतील. त्यांच्यापुढे खरं सांगणं आजच्या दुपारपेक्षा अवघड होईल, आणि उद्या त्याहून.

तिने कागदावर सगळ्यात वर बुधाजी आणि गोदू अशी नावं लिहिली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. गुळाचा खडा तोंडात टाकून ती तांब्याभर पाणी प्यायली. गाळा बंद केला.

नाक्यावर उरणकडची सहा आसनी भरत आली होती, एकच जागा होती मागे. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे, ताई?"

"गव्हाण," शांती म्हणाली, आणि पदर सावरून आत बसली.